गरम पाण्याचा टब आणि विमलताईंची अट

अन्वी आणि नील, मेलबर्नला तुमच्या घरामागे जो टब आहे, त्यात तुम्ही शाळेतून आल्या आल्या उडी मारता ते मला फोनवर दिसतं. तुम्ही मला हात हलवता. मी मात्र टबाचं झाकण कुठे ठेवलंय, कडा ओली आहे का, मोठं माणूस जवळ आहे का, हेच शोधत असते. तुमची आई म्हणते, "आई, तू आता दुकानात नाहीयेस." ते खरं आहे. दुकान सोडून बरीच वर्षं झाली. पण भरलेला टब दिसला की मला अजून स्वस्थ बसवत नाही.

या दिवाळी अंकाने माझ्याकडे व्यवसायातले अनुभव मागितले. एरवी मी नाही म्हटलं असतं. पण तुम्हा दोघांना आजी नेमकं काय विकत होती हे कळलेलं नाही, असं मागच्या फोनवर लक्षात आलं. नीलला वाटतं मी बादल्या विकत होते. म्हणून लिहायला बसले. मराठी वाचताना अडलात तर आईला विचारा. पूर्वी तिला छान येत होतं.

आमचं दुकान नाशिकला, गंगापूर रोडवर. तुमच्या आजोबांनी फरशा, नळ आणि कमोड यांपासून सुरुवात केली. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, आणि कमोडच्या दुकानात बसते, याचं माहेरच्यांना फार वाईट वाटायचं. पुढे शहरात बंगले वाढले, धरणाच्या बाजूला फार्महाऊस झाली, आणि लोक गरम पाण्याचे टब मागायला लागले. परदेशातून येणारी जाडजूड माहितीपत्रकं शेवटपर्यंत वाचणारं घरात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. त्यामुळे ते खातं माझ्याकडे आलं. आजोबा त्या टबांना शेवटपर्यंत 'तुझी पातेली' म्हणत.

ज्यांनी असा टब पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. साध्या बाथटबात पाणी भरायचं, अंघोळ करायची आणि सोडून द्यायचं. हॉट टबचं तसं नाही. त्यातलं पाणी दोन-तीन महिने तेच राहतं. ते पंपाने फिरत राहतं, गाळलं जातं, गरम राहतं आणि औषध टाकून शुद्ध ठेवलं जातं. त्यात अंघोळ करायची नसते. अंघोळ करून मग त्यात बसायचं असतं.

हे शेवटचं वाक्य मी किती वेळा आणि किती तऱ्हांनी बोलले असेन! तरी एका डॉक्टरांच्या घरी, टब बसवल्यावरच्या पहिल्याच दिवाळीला, सगळ्या कुटुंबाने अंगाला तेल-उटणं लावून टबात अभ्यंगस्नान केलं. सकाळी फोन आला की टबाला फेस आलाय आणि तो थांबत नाहीये. मी गेले तेव्हा फेस व्हरांडा ओलांडून रांगोळीपर्यंत पोचला होता, आणि गाळणीत भिजवलेल्या बेसनासारखा लगदा बसला होता. मी डॉक्टरांना शक्य तितक्या सभ्य शब्दांत बोलले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग नुसती शिकेकाई चालली असती का?"

तेच पाणी महिनोन्महिने, हे ऐकून बायका नाक मुरडायच्या. एकदा अशीच एक गिऱ्हाईक बाई उठून चालली होती. तिचा नवरा म्हणाला, "रामकुंडात बुडी मारताना विचारतेस का कधी, पाणी कधी बदललं म्हणून?" ती म्हणाली, "ते वाहतं असतं. आणि तिथे मला कोणी विकत घ्यायला सांगत नाही." त्या दिवशी विक्री झाली नाही, पण मला ती बाई आवडली.

पुरुषांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. किती माणसं बसतात? मी सांगायची, पाच. मग, "ॲडजस्ट करून?" जणू वणीच्या देवीला जाणारी जीप भरायची आहे. त्यानंतर दिवे किती रंगांचे, गाणी लागतात का. खालची स्लॅब किती वजन पेलेल, बोअरचं पाणी किती जड आहे, घरात थ्री-फेज वीज आहे का, हे मलाच विचारावं लागायचं. आणि टब घरात शिरणार कुठून? पाण्याने आणि माणसांनी भरलेला टब म्हणजे गच्चीवर हत्तीचं पिल्लू बांधण्यासारखं आहे. कित्येक गच्च्यांना मी नकार दिला, आणि ती विक्री दुसऱ्या कुठल्यातरी दुकानाने केली. माझ्या टबांपैकीही सगळेच सत्कारणी लागले असं नाही. एका फार्महाऊसवर मी वर्षभराने गेले तर माझ्या टबात लसूण वाळत घातला होता.

माझा एक नियम होता. दुकानातल्या कोरड्या टबात बसून पाहिल्याशिवाय टब विकायचा नाही. ज्याच्यासाठी घ्यायचा त्याने स्वतः बसायचं. बुटक्या माणसाचे पाय तळाला टेकत नाहीत, मग तो पाण्यात तरंगत राहतो. लठ्ठ माणसाला कोपऱ्यातली जागा रुतते. हे चित्रावरून कळत नाही. पण आपल्याकडे चारचौघांत, अंगभर कपड्यांत, कोरड्या टबात बसायचं म्हणजे लोकांना संकोच वाटायचा. चपला काढून, देवळात शिरल्यासारखे ते टबात उतरत आणि हात मांडीवर ठेवून ताठ बसत. बायकांसाठी मी मग लाकडी पडदा करून घेतला.

त्या पडद्यामागेच विमलताई शिरसाठ पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलल्या. सगळ्या वर्षांत माझा जीव ज्या एका टबात अडकून राहिला तो त्यांचा. तेवढीच गोष्ट आता सांगते.

शिरसाठ पतीपत्नी ऑक्टोबरात आले. शिरसाठ अंबडच्या एका कारखान्यात टूलरूमला, म्हणजे साचे आणि अवजारं बनवणाऱ्या खात्यात होते, नुकतेच निवृत्त झालेले. विमलताई वणीकडच्या. संधिवाताने त्यांच्या हाताची बोटं वाकडी झाली होती आणि गुडघे सुजलेले होते. सकाळी उठल्यावर दहा वाजेपर्यंत त्यांचं अंग लाकडासारखं राहायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कोमट पाण्यात बसून हातपाय हलवा. तोवर शिरसाठ रोज बादल्या तापवून त्यांच्या अंगावर ओतत होते. नाशिकची थंडी या दुखण्याला फार वाईट. ती पडायच्या आत टब बसायला हवा होता.

शिरसाठ खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, मला फक्त लोड आणि क्लिअरन्स सांगा. बाकी मी बघतो." आणि त्यांनी टेबलावर कागद पसरला. फार सुंदर काढलेलं चित्र होतं. छताला लोखंडी तुळई, तिला चेन-पुली, पुलीला कॅनव्हासची झोळी. झोळीत बाई. बाई उचलली जाते, टबावर सरकवली जाते, अलगद पाण्यात सोडली जाते. कोन, मापं, सगळं लिहिलेलं.

विमलताई ते चित्र आधीही पाहत आल्या असणार. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, कारखान्यात मशीनवर जो तुकडा चढवतात त्याला हे लोक जॉब म्हणतात. तुम्हीच सांगा ह्यांना, मी काय जॉब हाय?"

शिरसाठ म्हणाले, "अगं, तुला त्रास होऊ नये म्हणून."

"मोटारीचं इंजिन असंच काढतात. मी पाह्यलंय गॅरेजात."

मी हसले, पण त्या दोघांपैकी कोणी हसलं नाही. मी विमलताईंना पडद्यामागे नेलं. तिथे त्यांनी अट सांगितली. ती मला अजून शब्दाशब्दाने आठवते.

"पाण्यात माझी मी जाईन. ह्यांनी मला धरायचं नाय, उचलायचं नाय. जमत नसंल तर टब नको, बादली बरी हाय. ताई, सकाळी उठवतात हे, वेणी घालतात हे, ब्लाऊजचे हूक लावतात हे, घास भरवतात हे. दिवसभर मी ह्यांच्या हातात असते. माणूस लय चांगलं हाय, तसं नाय. पण पाण्यात तरी माझी मला राहू द्या."

हे सगळं पडद्यापलीकडे ऐकू जात होतं. शिरसाठ तिकडे फरशांचे नमुने पाहत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "मी काय परका आहे का?"

मला तेव्हा उठून फिरावंसं वाटलं. मी विक्रेती. समोर एक सज्जन माणूस बायकोसाठी टब घ्यायला आलेला. पण तो त्याच्या पद्धतीने बसवला तर त्या बाईचा पाय त्यात कधी पडणार नव्हता, आणि आणखी एका टबात लसूण वाळला असता. तिच्या पद्धतीने बसवायचा तर ती एकटी उतरणार कशी? आमच्या सगळ्या टबांच्या भिंती कमरेएवढ्या उंच. पायऱ्या ठेवल्या तरी तिचे गुडघे त्या चढणार नव्हते.

दोन दिवस मी दुकानात येरझाऱ्या घातल्या. आजोबा म्हणाले, तू बसत का नाहीस? आणि त्या बसण्यावरूनच सुचलं. विमलताई चढू शकत नव्हत्या, पण खुर्चीवर बसू शकत होत्या. टब अर्धा जमिनीत उतरवला आणि त्याची कड खुर्चीएवढी ठेवली तर? कडेवर बसायचं, जागच्या जागी वळायचं, एकेक पाय आत घ्यायचा आणि आतल्या बाकावर घसरायचं. चढायचं काहीच नाही.

शिरसाठांना कल्पना पटायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पोत लाकडी फळ्यांचे सांगाडे घालून ते दुकानात हजर. त्यांनी ते लहान टबाभोवती रचले आणि जमीन वर आणली. मग विमलताईंनी त्यांना पडद्याबाहेर घालवलं. त्या कडेवर बसल्या, वळल्या, एक पाय, दुसरा पाय, आणि आत गेल्या. आत बसून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला दुकानाचा अभिमान वाटला. बाहेर येताना मी सहज हात दिला. त्यांनी सहज धरला. दोन बायका एकमेकींना हात देतात त्याची मोजदाद कोण ठेवतं? मी ठेवली नाही, त्यांनी ठेवली नाही, आणि शिरसाठ फरशा बघत होते.

मग सुरू झाली धावपळ. त्यांच्या घरामागची पडवी टबासाठी ठरली. खणायला घेतली तर खालून पाण्याची जुनी लाइन निघाली. ती वळवली. बोअरचं पाणी इतकं जड की हीटरवर महिन्याभरात पांढरा थर धरला असता. त्यासाठी वेगळं यंत्र आलं. वीज मंडळाचा माणूस थ्री-फेजसाठी आज येतो, उद्या येतो. टब मुंबईच्या बंदरात अडकला. इकडे थंडी पडायला लागली. रोज सकाळी उठले की मी आधी थंडी किती आहे हे पाहायची आणि मला विमलताईंची बोटं दिसायची. शिरसाठांचा रोज फोन. "मॅडम, काही स्टेटस?" ते चिडत नसत. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

एकदा मी पडवीचं काम पाहायला गेले तर विमलताई उन्हात बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "ताई, आधी अंघोळ करायची, मग ह्यात बसायचं. मग बाहेर येऊन पुन्हा अंघोळ?" मी म्हटलं, हो, अंगावर औषधाचं पाणी राहू नये म्हणून. त्या म्हणाल्या, "म्हंजे तीन अंघोळी. आमच्या गावाला पाण्याच्या हंड्यासाठी भांडणं व्हायची." आणि हसल्या. मग हळूच विचारलं, "आधी ह्यांनी सांगितलेलं, ती झोळी, ती रद्द झाली ना नक्की?" मी पडवीचं छत दाखवलं. तुळई नव्हती. तरी त्या बराच वेळ छताकडे बघत राहिल्या.

डिसेंबर संपताना टब आला. मागच्या बोळात तो शिरेना. शेवटी शेजाऱ्यांच्या परवानगीने हमालांनी तो आडवा करून कंपाउंडच्या भिंतीवरून घेतला. शिरसाठ पुढे, मी मागे, आणि दोघांच्या सूचना एकमेकांच्या उलट. हमालांचा मुकादम शेवटी म्हणाला, "साहेब, मॅडम, तुम्ही दोघं घरात जाऊन चहा घ्या."

पाणी भरलं. औषध टाकलं. तापमान शिरसाठांनी स्वतःच्या थर्मामीटरने तपासलं, कारण टबावरच्या आकड्यावर त्यांचा विश्वास नव्हता. विमलताईंनी त्र्यंबकहून आणलेलं गडूभर पाणी त्यात ओतायला सांगितलं. मी माहितीपत्रक आठवून पाहिलं. त्यात तेल, साबण, अत्तर यांना मनाई होती. गोदावरीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. ओतलं.

पडवी आणि स्वयंपाकघर यांच्या मध्ये दार होतं. विमलताई सुती गाऊनमध्ये कडेवर बसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मी हाक मारल्याबिगर यायचं नाय." मला म्हणाल्या, "तुम्ही पण, ताई. रागावू नका." आम्ही दोघं स्वयंपाकघरात आलो. दार ओढून घेतलं.

पाण्याचा एक बारीकसा आवाज झाला. मग पुन्हा. मग त्यांनी कडेवरचं बटण दाबलं असावं, बुडबुडे सुरू झाले आणि त्यातून "आई गं" असं ऐकू आलं. शिरसाठ दाराकडे धावले. मी त्यांचा हात धरला. दुखण्याचं 'आई गं' वेगळं असतं आणि हे वेगळं होतं. त्यांना ते मागाहून कळलं. ते खुर्चीवर बसले आणि स्वतःच्या हातांकडे पाहत हसले.

एका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरे, असं मी विमलताईंना सांगून ठेवलं होतं. जास्त वेळ बसलं की रक्तदाब उतरतो, गरगरतं. तेवढा वेळ झाला. बुडबुडे आपोआप थांबले. आतून काही आवाज नाही.

"झालं असेल," शिरसाठ म्हणाले.

"थांबा."

ते उठले, दारापर्यंत गेले, परत आले. ओटा पुसला. तो पुसलेलाच होता. मग दाराला तोंड लावून म्हणाले, "विमल, बरी आहेस ना?"

"हाय. तुम्ही चहा ठेवा."

त्यांनी चहा ठेवला. आतून पाणी हिंदकळल्याचा आवाज आला आणि थांबला. परत आला, परत थांबला. मला आत काय चाललंय ते कळलं. आम्ही सगळा विचार आत जायचा केला होता. बाहेर यायचा कोणीच केला नव्हता.

पाण्यात माणूस हलकं असतं, मुलांनो. आत जाताना पाणी झेलतं. बाहेर येताना सगळं वजन एकदम परत मिळतं, वर ओल्या कपड्यांचंही. आतला बाक खाली, कड वर, आणि वर चढायला मनगटांवर जोर द्यावा लागतो. विमलताईंची मनगटं साधी वाटी पेलत नव्हती.

शिरसाठांनाही ते कळलं. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. चहा उतू जात होता आणि ते गॅस बंद करत नव्हते. ते म्हणाले, "मॅडम, मी आत गेलो तर ती पुन्हा त्यात बसणार नाही."

"नाही बसणार."

"आणि नाही गेलो तर?"

मी गॅस बंद केला आणि आत गेले. जाताना दार लावून घेतलं.

विमलताई बाकावर होत्या. चेहरा लाल झालेला. मला पाहून त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. "ह्यांना सांगू नका. आता येईल मला. जरा दम घेते." मी बाहेरून ओणवी होऊन त्यांना ओढायला गेले. मनगट धरलं तर त्या कळवळल्या. "मनगट नको, कोपर धरा." कोपर ओलं, हातातून निसटायचं. माझे पाय फरशीवर सरकायला लागले. बाहेरून ओढून काम होत नाही असं दिसल्यावर मला वाटलं, आतून ढकलावं. मी घड्याळ काढलं, चष्मा काढला, आणि साडीनिशी टबात उतरले.

आयुष्यभर ते टब विकले. भरलेल्या टबात बसायची माझी ती पहिली वेळ. पाणी फार छान होतं. हे त्या क्षणी मनात आलं याची मला लाज वाटली, पण आलं खरं.

मी त्यांना मागून आधार दिला. त्या कडेपर्यंत अर्ध्या वर आल्या आणि आम्ही दोघी परत बाकावर. पुन्हा केलं, पुन्हा बाकावर. तिसऱ्यांदा मी स्वतः आधी वर चढून त्यांना ओढायचं ठरवलं. तर मलाच वर येता येईना. साडीने टबातलं निम्मं पाणी प्यायलं होतं. निऱ्या पायांत गुंडाळलेल्या, पदर तरंगत पलीकडे गेलेला. माझेही गुडघे काही तरुण नव्हते. मी कडेला हात टेकून जोर लावला आणि घसरून पुन्हा विमलताईंच्या शेजारी जाऊन बसले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला पण येत नाय?"

"नाही येत."

त्या एकदम हसायला लागल्या. मग मलाही हसू आवरेना. पलीकडून शिरसाठांचा घाबरलेला आवाज आला, काय झालं, काय झालं. विमलताईंनी डोळे पुसले. मग मोठ्याने हाक मारली.

"अहो, या आत. ह्या ताई अडकल्यात. त्यांना काढा."

शिरसाठ आले आणि दारातच थांबले. त्यांनी दोघींना पाहिलं. कुठे पाहावं हे त्यांना कळेना, म्हणून ते छताकडे पाहत म्हणाले, "आधी कोणाला?"

"मला नाय. मी माझी येणार हाय. त्यांना."

त्यांनी मला हात दिला. टूलरूममध्ये उभा जन्म काढलेल्या माणसाचा हात होता. मी पाण्यातून निघाले आणि कडेवर बसले, पाय अजून आतच. तेवढ्यात विमलताईंनी माझ्या कोपरात त्यांचं कोपर अडकवलं. "आता तुम्ही मला. ह्यांनी तुम्हाला धरायचं." शिरसाठांनी मागून माझे खांदे धरले. त्यांनी मला ओढलं, मी विमलताईंना ओढलं, आणि त्या वर आल्या. कडेवर माझ्या शेजारी बसल्या. धापा टाकत, पण बसल्या. नवऱ्याचा हात त्यांना लागला नव्हता. अट मोडली नव्हती.

शिरसाठांनी टॉवेल आणला, माझ्या हातात दिला, आणि मी तो विमलताईंच्या खांद्यावर टाकला.

पुढचा अर्धा तास मी विमलताईंच्या निळ्या साडीत, त्यांच्या स्वयंपाकघरात, दुसऱ्यांदा केलेला चहा पीत बसले होते. विमलताई शेजारी खुर्चीवर. त्यांची बोटं कपाभोवती वळलेली होती, सकाळच्या मानाने बरीच. शिरसाठ पडवीत टबाभोवती फिरत होते आणि स्वतःशी बोलत होते. इथे एक पायरी आत बसवू. इथे पाइप वाकवून घेऊ, स्टेनलेस स्टीलचा. दोन्ही बाजूंना दांडा. ग्रिप चांगली पाहिजे. उद्याच अंबडला जाऊन वाकवून आणतो. उंची एवढी, नाही, एवढी. त्यांनी कागद काढला होता आणि चित्र सुरू झालं होतं.

मी विमलताईंकडे पाहिलं. त्यांनी कप खाली ठेवला होता आणि चेहरा परत दुकानातल्या पहिल्या दिवसासारखा झाला होता. मला बोलायचं होतं. पण मी माझी टबासारखी बुडबुडणारी जीभ आवरली. इतक्या वर्षांत गिऱ्हाईकासमोर गप्प बसायची संधी मी फारशी साधली नव्हती.

शिरसाठ बोलता बोलता थांबले. कागद हातात धरून ते थोडा वेळ टबाकडे पाहत राहिले. मग त्यांनी तो चौघडी करून खिशात टाकला आणि दारात येऊन उभे राहिले.

"विमल, दांडा कुठे पाहिजे?"

विमलताई उठल्या. त्यांच्या त्या उठण्याला वेळ लागला, आणि कोणी पुढे झालं नाही. त्या पडवीत गेल्या, टबाच्या कडेवर भिंतीकडे तोंड करून बसल्या, डोळे मिटले आणि हात पुढे केला. जणू दांडा तिथे आहेच, अशी बोटं त्याभोवती हळूहळू वळवली. शिरसाठ पेन्सिल घेऊन भिंतीशी वाकले. त्यांचा हात विमलताईंच्या हाताजवळ आला, लागला नाही, आणि त्यांनी भिंतीवर बारीक रेघ मारली.

"इथे?"

विमलताईंनी डोळे उघडून रेघ पाहिली. जवळून पाहिली, मग मान मागे करून पाहिली. त्यांना काही घाई नव्हती.

"जरा खाली घ्या," त्या म्हणाल्या.